पुरुषांमधील स्तनवृद्धी व औषधोपचार

क्षयरोगाचे उपचार सुरू होऊन चार महिने लोटलेले असतात. खोकला थांबलेला असतो, ताप गेलेला असतो, अंगावर मांस चढू लागलेले असते. अशा वेळी एखाद्या पुरुष रुग्णाच्या स्तनाग्राखाली दुखरी गाठ लागते आणि हळूहळू छातीचा तो भाग उठून दिसू लागतो. घरात सांगावयाची लाज वाटते. तो चारचौघांत सदरा काढीत नाही, नदीवर आंघोळीला जाणे टाळतो आणि अखेर ‘हे गोळ्यांनीच झाले’ असे ठरवून गोळ्याच बंद करतो. असे प्रसंग विरळ असले, तरी त्यांचे परिणाम गंभीर असतात. म्हणून या विषयाची माहिती रुग्ण, कार्यकर्ते व शिक्षक या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

हा विकार कसा होतो ?

स्तनांतील ग्रंथींचा अल्पसा अंश प्रत्येक पुरुषाच्या शरीरात जन्मतः असतो. तसेच पुरुषत्वाची व स्त्रीत्वाची अशी दोन्ही प्रकारची संप्रेरके पुरुषाच्या रक्तात असतात. पहिल्या प्रकारची अधिक, दुसऱ्या प्रकारची अल्प. हा तोल ढळला की सुप्त ग्रंथी वाढू लागतात. यालाच वैद्यकात ‘गायनेकोमॅस्टिया’ म्हणतात. पुरुषाची स्त्री होऊ लागली, कोणी करणी केली किंवा पौरुष गेले, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. केवळ चरबीमुळे छाती मोठी दिसणे ही गोष्टही वेगळी. खऱ्या स्तनवृद्धीत स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी चकती बोटांना लागते व ती बहुधा दुखते.

कारणीभूत औषधे

क्षयरोगावर १९५२ पासून वापरात असलेले आयसोनियाझिड हे औषध क्वचित असा परिणाम घडविते. मात्र येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपासमार झालेल्या युद्धकैद्यांना पुरेसे अन्न मिळू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना तात्पुरती स्तनवृद्धी झाली. खंगलेले शरीर सावरू लागले की संप्रेरकांची निर्मिती पुन्हा जोर धरते आणि काही काळ त्यांचा मेळ बसत नाही. क्षयरोगी वजन भरू लागतो तेव्हाही असे होऊ शकते. म्हणजे ज्या खुणेला रुग्ण भितो, ती कित्येकदा प्रकृती सुधारत असल्याची खूण असते.

यकृताच्या विकारात पोटात पाणी झाल्यावर, तसेच हृदय दुर्बल झाल्यावर दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन हे दुसरे महत्त्वाचे औषध होय. हृदयरुग्णांविषयी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी शेकडा १० जणांना स्तनवृद्धी किंवा स्तनांत वेदना आढळली. ते न घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा १ होते. याखेरीज हृदयासाठीचे डिजॉक्सिन, आम्लपित्तावरील सिमेटिडीन, बुरशीच्या रोगावरील किटोकोनॅझोलच्या गोळ्या, मानसिक विकारावरील रिस्पेरिडोन व प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारावरील काही औषधे यांचाही असा परिणाम होऊ शकतो. शरीर कमावण्यासाठी काही तरुण चोरून घेतात ती स्टिरॉइडची इंजेक्शनेही याच यादीत येतात.

प्रत्येक वेळी दोष औषधाचा नसतो

वयात येणाऱ्या मुलांना अशी गाठ लागणे नैसर्गिक असून ती बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. अति मद्यपानाने यकृत बिघडल्यासही स्तनवृद्धी होते. दादरा व नगर हवेलीत कुष्ठरोगाचे प्रमाण दीर्घकाळ देशाच्या सरासरीहून अधिक राहिले आहे. त्या रोगाच्या बहुजिवाणू प्रकारात वृषणांना इजा होऊन स्तनवृद्धी होऊ शकते. तेथे ती रोगाने होते, औषधाने नव्हे. किंबहुना वेळीच घेतलेले औषधच ही हानी टाळते.

रुग्णाने काय करावे ?

पहिली गोष्ट, औषध आपल्या मनाने बंद करू नये. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडल्यास रोग उलटतो, औषधांना दाद देईनासा होतो व घरातील मुलामाणसांनाही जडू शकतो. छातीवरील सूज जिवावर बेतत नाही. अर्धवट सोडलेला क्षय बेततो.

दुसरी गोष्ट, लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे व आपण घेत असलेली सर्व औषधे, भगताने दिलेल्या पाल्यासकट, त्यांना दाखवावी. बहुतेकांना धीर देऊन उपचार पुरा करता येतो व पुढील काही महिन्यांत सूज ओसरते. गरज पडल्यास डॉक्टर औषध बदलतात. स्पायरोनोलॅक्टोनऐवजी एप्लेरेनोन देता येते. मात्र वर्षाहून अधिक काळ दुर्लक्ष झाल्यास गाठ घट्ट होते व मग शस्त्रक्रियेवाचून ती जात नाही.

गाठ एकाच बाजूस, कठीण व न हलणारी असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर विलंब न करता तपासणी करावी. स्तनांच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत सुमारे एक पुरुष असतो. यासाठी खानवेल येथील उपजिल्हा रुग्णालय व सिल्वासा येथील नमो रुग्णालय उपलब्ध आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी देशात २०१० पासून स्वतंत्र कार्यक्रम सुरू असून १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही माहिती देता येते.

या कामी गावाचा वाटाही मोठा आहे. वर्गात एखाद्या मुलाची अशी थट्टा होत असेल, तर शिक्षकांनी ती थांबवून त्यामागील शास्त्रीय कारण समजावून द्यावे. आशा कार्यकर्तीने व क्षयरोग कर्मचाऱ्याने उपचाराच्या आरंभीच या शक्यतेची कल्पना रुग्णास द्यावी. आधी ठाऊक असलेल्या गोष्टीची धास्ती वाटत नाही, आणि ज्याला धास्ती नाही तो रुग्ण सहाव्या महिन्याची शेवटची गोळीही घेतो.