कोटाचा रक्षक ते महसूल सेवक

भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात 'कोतवाल' म्हटले की तलाठ्याच्या हाताखाली राबणारा, नोटिसा पोचविणारा, दवंडी पिटणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. शब्दाचे मूळ मात्र भारदस्त आहे. संस्कृत 'कोट्टपाल' म्हणजे कोटाचा, किल्ल्याचा रक्षक. त्याचाच पुढे 'कोतवाल' झाला. मोगल अमदानीत फारसी दप्तरांत तो असा रुळला, की अनेकांना तो फारसीच वाटतो. पेशवाईतील पुण्यात शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. १७९१ मध्ये मारल्या गेलेल्या घाशीरामाने या पदाला कुप्रसिद्धी मिळवून दिली, हा भाग वेगळा.

हसनाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, कोतवाल म्हणजे शहराचा पोलीसप्रमुख. राजाबहादूर वेंकटराम रेड्डी यांनी १९२० पासून १९३४ पर्यंत हे पद भूषविले. शहरात पुढे 'पोलीस आयुक्त' आले. कोतवाल हे नाव उरले ते गावगाड्यात, तेही तुटपुंज्या मानधनावर. चतुर्थ श्रेणीच्या दर्जासाठी कोतवालांनी अनेकदा आंदोलने केली. २०२५ मध्ये राज्य शासनाने त्यांचे पदनाम बदलून 'महसूल सेवक' केले. जुन्या नावातला 'पाल', म्हणजे रक्षणकर्ता, त्याबरोबर सरकारी कागदावरून पुसला गेला.