शाई न पिणारी काच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अल्कोहोल हा शब्द ऐकला की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. आम्हा मुसलमानांच्या घरात तर जरा जास्तच. पण या शब्दाचं मूळ आहे अरबी 'अल-कुहल', म्हणजे सुरमा. आधी डोळ्यात घालायची बारीक पूड, मग कशाचाही काढलेला अर्क आणि शेवटी मद्यार्क, असा त्याचा प्रवास झाला. या अर्कात रंग विरघळवून केलेल्या शाईची चित्रं अलीकडे बरीच लोकप्रिय झाली आहेत. ही शाई पिण्याची नव्हे, हे उघडच आहे. गंमत अशी, की जिच्यावर ती टाकतात ती वस्तूही तिला पीत नाही.

नेहमीची शाई कागदात मुरते. अल्कोहोल शाई मात्र काच, चकचकीत टाइल, धातूचा पत्रा किंवा प्लास्टिकचा कृत्रिम कागद अशा न शोषणाऱ्या वस्तूंवर वापरतात. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक तृतीयांशच असतो, म्हणून थेंब पडताक्षणी पसरतो. आत जायला वाट नाही, तेव्हा तो आडवा धावतो. कडेचं अल्कोहोल आधी उडून जातं, मधला रंग कडेकडे ओढला जातो आणि चहाच्या डागाला असते तशी गडद किनार उमटते. शेजारी दुसरा थेंब सोडला, की पृष्ठताणातल्या फरकामुळे एक रंग दुसऱ्याला ढकलू लागतो. कार्लो मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये आपल्या प्रबंधात या ओढाताणीचा विचार मांडला. तिला त्याचंच नाव मिळालं. चित्रकाराच्या हाती उरतं ते एवढंच: फुंकर कुठून घालायची, अल्कोहोलचा नुसता थेंब कुठे सोडायचा आणि कधी थांबायचं.

आमच्या यावलचा वारसा याच्या अगदी उलट आहे. एकेकाळी हे गाव जाड्याभरड्या देशी कागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होतं, अशी नोंद ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये आहे. हातकागद करणारे कारागीर 'कागदी' म्हणून ओळखले जात. त्यांत मुसलमान पुष्कळ. नुसता लगद्याचा कागद टीपकागदासारखा असतो. लेखणी टेकवली की अक्षर फुटतं. म्हणून कागदाला खळ लावायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. शाई धावू नये, जिथल्या तिथे बसावी, यासाठी ही सारी मेहनत. ती शाईही काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे कार्बन. उन्हानं तो विटत नाही, म्हणून जुन्या पोथ्यांची अक्षरं आजही काळीभोर दिसतात.

शाईला मोकळं सोडायची हौसही आपल्या दख्खनला नवी नाही. सतराव्या शतकात आदिलशाही विजापुरात 'अब्री'ची चित्रं झाली. फारसीत 'अब्र' म्हणजे ढग. घट्टसर केलेल्या पाण्यावर रंग तरंगवायचे, त्यांत ढगांसारख्या लहरी काढायच्या आणि वरून कागद टेकवून त्या अलगद उचलायच्या. हाडाडलेल्या घोड्याचं आणि स्वाराचं असं एक विजापुरी चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. काचेचं म्हणाल, तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेवरची जुनी चित्रं पाहायला मिळतात. ती काचेच्या मागच्या बाजूनं रंगवतात: डोळे, दागिने आधी आणि पार्श्वभूमी शेवटी. तिथे घाईला जागा नाही आणि खोडायची सोयही फारशी नाही.

अल्कोहोल शाई याबाबतीत उदार आहे. वाळलेल्या चित्रावर पुन्हा अल्कोहोल पडलं, की रंग परत विरघळतो. पुसा आणि नव्यानं मांडा. पण हाच तिचा कच्चा दुवा. या शायांमध्ये बहुधा विरघळणारे रंग असतात आणि ते उन्हात विटतात. वरून ब्रशनं वॉर्निश फिरवलं तर चित्रच फिसकटू शकतं. म्हणून अतिनील किरण अडवणाऱ्या वॉर्निशचे पातळ फवारे द्यावेत, दोन फवाऱ्यांमध्ये वाळू द्यावं आणि चित्र उन्हापासून दूर टांगावं. फवाऱ्यानं आयुष्य वाढतं; रंग अमर होत नाही.

आणखी दोन गोष्टी. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच ठिणगीनं पेट घेऊ शकते. खानदेशातल्या उन्हाळ्यात त्याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. खिडक्या उघड्या ठेवा. गॅस, उदबत्ती आणि विडी दूर ठेवा. आणि खाण्यापिण्याचा स्पर्श होईल अशा भांड्याच्या भागावर ही शाई नको.

घरबसल्या अशा टाइल आणि नावाच्या पाट्या करून विकणाऱ्यांना एक विनंती. लग्नाची भेट म्हणून कुणी नवरा-नवरीची नावं लिहून घेतो, तेव्हा ती भिंतीवर वर्षानुवर्षं राहावीत, हीच त्याची इच्छा असते. अशा वेळी मागचे रंग हवे तेवढे वाहू द्या, पण नाव न विटणाऱ्या कार्बनच्या काळ्या रंगानं लिहा. पाटी उन्हात लावू नये, हेही गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगा. रंग फिके झाले तरी माणसांची नावं वाचता यायला हवीत.