बंदिवान आणि त्याचे शरीर

बंदिवानाच्या भेटीस जाणे हे दयेचे कृत्य आहे, असे आपण शिकवतो. भेटीचा मार्गच बंद झाला तर काय घडते, हे क्वचितच सांगतो. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरविले की, आणीबाणीत स्थानबद्धाला बंदिप्रत्यक्षीकरणाची दाद मागता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले. तीनच दिवसांनी बंगळूरच्या पोलिसांनी लॉरेन्स फर्नांडिस यांना घरातून नेले. भूमिगत समाजवादी नेते जॉर्ज हे त्यांचे बंधू. त्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी लॉरेन्स यांचा अनन्वित छळ झाला. (जॉर्ज जूनमध्ये कलकत्त्यात एका चर्चच्या आवारात पकडले गेले.) बंगळूरच्याच कारागृहात दम्याने पीडित अभिनेत्री स्नेहलता रेड्डी आठ महिने होत्या, जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सुटल्यावर थोड्याच दिवसांत त्या निवर्तल्या.

यासोबत यिर्मयाचे ३७ व ३८ हे अध्याय वाचावेत. संदेष्ट्याला कोंडणारे अधिकारी त्याला सैनिकांचे धैर्य खचविणारा म्हणत होते. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो एबद-मलेख. हा परदेशी सेवक वेशीत बसलेल्या राजाकडे जाऊन, चिखलात रुतलेल्या माणसाविषयी उघड बोलतो. आणि दोराने ओढताना त्याच्या काखा सोलू नयेत म्हणून जुन्या चिंध्या खाली सोडतो. बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्जही मुळात हेच मागतो: माणूस समोर आणा. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर जीविताच्या हक्कासाठी दाद मागण्याचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येत नाही. दयेच्या कृत्यांचा पाठ देताना हेही समजावून द्यावे. आणि प्रवचनात चिंध्यांचा तपशील गाळू नये.