मूर प्रदेश व जलाशय परिसरातील पक्षिनिरीक्षण

उंचावरील वृक्षहीन, आम्लधर्मी आणि बहुधा पीटयुक्त जमिनीच्या विस्तीर्ण माळास ब्रिटनमध्ये ‘मूर’ म्हणतात. अशा माळांवर आणि त्यांच्यामधील दऱ्या अडवून बांधलेल्या जलाशयांच्या काठी पक्ष्यांचे पद्धतशीर अवलोकन करण्याची परंपरा त्या देशात जुनी आहे. हौस म्हणून सुरू झालेल्या या अवलोकनातून भूमीचा वापर, कायद्याची अंमलबजावणी आणि हवामानातील बदल यांविषयीचा मोलाचा पुरावा जमा झाला आहे. या नोंदीत इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशाचा उत्तर भाग (डार्क पीक) आणि त्यातील अपर डरवेंट खोरे यांचा उदाहरणादाखल विचार केला आहे.

भूप्रदेश : डार्क पीक हा मँचेस्टर व शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधोमध येतो. भरड वालुकाश्माच्या पठारावर पीटचा थर साचलेला असून किंडर स्काउट (६३६ मी.) व ब्लीकलो (६३३ मी.) ही त्यातील सर्वांत उंच ठिकाणे होत. हा माळ पाहताच तो अनादी व अस्पर्शित आहे असे वाटते; परंतु ते खरे नाही. येथील मूळचे अरण्य प्रागैतिहासिक काळापासूनची वृक्षतोड व ओलसर हवामान यांमुळे नष्ट झाले आणि पुढे मेंढ्यांच्या चराईने ते पुन्हा वाढू दिले नाही. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी यातील बराच भाग शिकारीसाठी राखून ठेवला. कारखान्यांच्या धुरामुळे पीट निर्माण करणारी स्फॅग्नम ही शेवाळी जवळजवळ नाहीशी झाली व उघड्या पडलेल्या पीटमध्ये खोल घळी पडल्या. या माळाचे पुनरुज्जीवन करण्यासाठी ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ हा सहकारी उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. घळींना बांध घालणे, उघड्या पीटवर गवत रुजविणे व शेवाळी पुन्हा लावणे ही कामे त्यातून होत आली आहेत. दऱ्यांतील जलाशय तर उघडच मानवनिर्मित आहेत. सारांश, येथे पक्षी पाहणारा मनुष्य बंदूक आणि नळ या दोहोंच्या गरजांनी घडविलेल्या भूमीत पक्षी पाहत असतो.

माळावरील पक्षी : रेड ग्राउझ (लॅगोपस स्कॉटिका) हा या माळाचा प्रमुख पक्षी होय. हा तांबूस तपकिरी, तितराच्या बांध्याचा पक्षी केवळ ब्रिटिश बेटांतच आढळतो. हेदर या झुडपाचे कोवळे कोंब हे त्याचे मुख्य अन्न असल्याने तो बारा महिने माळ सोडत नाही. त्याचे आप्त हिवाळ्यात पांढरे होतात, हा मात्र होत नाही. पायांजवळून अचानक उडून ‘गो-बॅक, गो-बॅक’ असा कर्कश आवाज करीत तो जमिनीलगत दूर निघून जातो. कोवळ्या व जुन्या हेदरचे पट्टे शेजारीशेजारी राहावेत म्हणून शिकाररक्षक हेदर आळीपाळीने जाळतात आणि कोल्हे, कावळे व इतर भक्षक मारतात. शिकारीचा हंगाम १२ ऑगस्ट रोजी सुरू होऊन १० डिसेंबरला संपतो. हाकारे घालून उडविलेल्या ग्राउझवर आडोशामागून बंदुका चालविण्याच्या पद्धतीस एकाच माळावर ग्राउझची संख्या फार मोठी असावी लागते. पुढे वर्णिलेल्या तंट्याचे मूळ या गरजेतच आहे.

हेदरच्या व गवताच्या आश्रयाने इतर अनेक पक्षी जमिनीवर घरटी करतात. सोनेरी चिखल्या (गोल्डन प्लव्हर), कर्ल्यू, टिटवीचा तुरेवाला भाईबंद लॅपविंग आणि डनलिन हे मार्चपासून समुद्रकाठ व सखल प्रदेश सोडून माळावर येतात. सोनेरी चिखल्याची उदासवाणी शीळ धुक्यातून ऐकू येते, पण पक्षी दिसत नाही. नवख्याने म्हणूनच आधी आवाज ओळखण्यास शिकणे इष्ट असते. लांब, वाकड्या चोचीच्या कर्ल्यूची स्थिती चिंताजनक आहे. जगातील कर्ल्यूंच्या प्रजनन करणाऱ्या जोड्यांपैकी सु. एक चतुर्थांश जोड्या ब्रिटनमध्ये होत्या, तथापि १९९० नंतरच्या काळात तेथील संख्या जवळजवळ निम्म्याने घटली आणि २०१५ मध्ये या जातीचा समावेश त्या देशाच्या ‘लाल यादी’त झाला. खडकाळ घळींत आढळणारा, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला रिंग आउझेल मार्चअखेर उत्तर आफ्रिकेकडून येतो. तिरचिमणी (मेडो पिपिट) मात्र सर्वत्र असते, आणि इतर पक्ष्यांचा उदरनिर्वाह तिच्यावर चालतो असे म्हणण्यास हरकत नाही : मर्लिन हा छोटा ससाणा तिलाच पकडतो, कुक्कू तिच्याच घरट्यात अंडी घालतो.

हेन हॅरिअरचा प्रश्न : हेन हॅरिअर (सर्कस सायानियस) हा भोवत्यांच्या कुळातील पक्षी असून नर राखी व मादी तपकिरी असते. वसंतात नर आकाशात उंच चढून कोलांट्या घेत खाली येतो, तर पुढे मादी घरट्यावरून उडून त्याने टाकलेले भक्ष्य हवेतच झेलते. हे दृश्य पाहण्यासाठी निरीक्षक मैलोगणती चालतात. हा पक्षी तिरचिमण्या व उंदरांसारखे प्राणी खातो, पण ग्राउझची पिलेही पकडतो. त्याला १९५४ च्या पक्षिसंरक्षण कायद्याने व पुढे १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्याने संरक्षण मिळाले; तरीही २०१३ मध्ये संपूर्ण इंग्लंडमध्ये त्याच्या एकाही जोडीचे वीण यशस्वी झाले नाही. उपग्रह प्रेषक बसविलेल्या ५८ हेन हॅरिअरांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७२ टक्के पक्षी बेकायदेशीर रीत्या मारले गेले असल्याचे निश्चित झाले किंवा तसे असण्याची दाट शक्यता आढळली. ग्राउझच्या माळांवर असताना ते मृत होण्याचे वा नाहीसे होण्याचे प्रमाण इतरत्रपेक्षा सु. दहापट होते. त्यानंतर संख्या काहीशी सुधारली, परंतु हत्येचे प्रकार थांबले नाहीत.

या प्रश्नाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. दक्षिण स्कॉटलंडमधील लँगहोम माळावर १९९२ पासून शिकारी पक्ष्यांना पूर्ण संरक्षण देऊन अभ्यास करण्यात आला. काही वर्षांतच हेन हॅरिअरच्या प्रजनन करणाऱ्या माद्या २ वरून २० वर गेल्या. ग्राउझच्या पिलांचा फार मोठा हिस्सा त्यांच्या भक्ष्यस्थानी पडला व हाकाऱ्याची शिकार बंद करावी लागली. मग शिकाररक्षकांची गरज उरली नाही. रक्षक गेल्यावर कोल्हे व कावळे वाढले, आणि चिखल्या, कर्ल्यू व स्वतः हेन हॅरिअर यांचीही संख्या पुन्हा घसरली. यावरून रक्षकाने कायदा मोडणे क्षम्य ठरत नाही. परंतु रक्षक हटविला की माळ आपोआप समृद्ध होतो, ही समजूतही टिकत नाही. स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने ग्राउझच्या शिकारीसाठी परवाना आवश्यक केला. इंग्लंडमध्ये तशी पद्धत स्वीकारण्यात आली नाही. तेथे संरक्षित क्षेत्रांतील खोल पीटवर हेदर जाळण्यास मात्र २०२१ मध्ये निर्बंध घालण्यात आले.

प्रवेशाचा हक्क व त्याचे परिणाम : पक्षी पाहावयाचे तर प्रथम माळावर जाता आले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे माळ सामान्य जनांस बंद होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगारांनी किंडर स्काउटवर सामुदायिक रीत्या प्रवेश केला. शिकाररक्षकांशी झटापट झाली व पाच जणांना कारावास भोगावा लागला. पीक डिस्ट्रिक्ट हे १९५१ मध्ये ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. उघड्या माळावर फिरण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र २००० च्या कायद्याने मान्य झाला व या भागात तो २००४ मध्ये अंमलात आला.

माणसांच्या वावराने पक्षी विचलित होतात, हा जमीनमालकांचा जुना आक्षेप होता. तो सर्वस्वी निराधार नव्हता, हे मँचेस्टर विद्यापीठातील प्राणिवैज्ञानिक डेरेक यॉल्डन व त्यांचे सहकारी यांच्या प्रदीर्घ निरीक्षणांनी दाखविले आणि त्यावरचा उपायही त्यांतूनच पुढे आला. १९६५ मध्ये खुली झालेली ‘पेनाइन वे’ ही पायवाट या माळावरून जाते. वाट चिखलाने भरली की चालणारे बाजूला पसरत आणि सोनेरी चिखल्या पिलांसह वाटेपासून सु. २०० मी. अंतरापर्यंतची जागा टाळत. वाटेवर दगडी फरश्या बसविल्यानंतर लोक वाटेवरच राहू लागले. मग पक्षी फक्त ५० मी. अंतर राखू लागले. बंदी न घालता केवळ पाय कोरडे ठेवण्याची सोय करून साधलेला हा परिणाम संरक्षणाच्या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. याच चिखल्यांच्या दीर्घकालीन गणनेवरून आणखी एक गोष्ट उघड झाली. त्यांच्या पिलांचे मुख्य अन्न म्हणजे लांब पायांच्या क्रेन माश्या. ऑगस्ट उष्ण व कोरडा गेल्यास या माश्यांच्या अळ्या वाळलेल्या पीटमध्ये मरतात. पुढील वसंतात पिलांची उपासमार होते व त्यानंतरच्या वर्षी प्रौढ पक्ष्यांची संख्या घटते. घळींना बांध घालून पीट ओले ठेवण्याचे महत्त्व त्यामुळे पाणीपुरवठ्यापुरते मर्यादित राहत नाही.

जलाशय : डरवेंट नदीवर हाउडेन (१९०१–१२), डरवेंट (१९०२–१६) व लेडीबॉवर (१९३५–४३) ही धरणे शेफील्ड, डार्बी, नॉटिंगहॅम व लेस्टर या शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आली. लेडीबॉवरच्या पाण्याखाली डरवेंट व ॲशॉप्टन ही गावे गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा १९४७ पर्यंत पाण्याबाहेर उभा होता. तीव्र अवर्षणाच्या वर्षी, उदा., १९७६ व २०१८ मध्ये, गावाचे अवशेष पुन्हा उघडे पडले.

महाराष्ट्रातील जायकवाडी किंवा उजनी येथील पक्ष्यांचे थवे डोळ्यांसमोर ठेवून जो वाचक येथे येईल, त्याची निराशा होण्याचा संभव आहे. आपल्याकडील ते जलाशय उथळ, उबदार व गाळयुक्त असल्याने वनस्पती व कीटकांनी समृद्ध असतात. याउलट डरवेंट खोऱ्यातील पाणी थंड, आम्लधर्मी व पोषकद्रव्यांनी दरिद्री असून काठ उभे व दगडगोट्यांचे आहेत. त्यामुळे कॅनडा हंस, मॅलर्ड, मासे पकडणारे गूसँडर, पाणकावळे व हिवाळ्यात रात्री विसाव्याला येणारे कुरव एवढ्यांवरच बहुधा समाधान मानावे लागते. जलाशयास मिळणाऱ्या ओढ्यांत डिपर हा पाण्याखाली शिरून कीटक वेचणारा पक्षी व करडा धोबी आढळतात.

या काठांचा खरा मानकरी म्हणजे तुतवार (कॉमन सँडपायपर). एप्रिलच्या उत्तरार्धात तो येतो, दगडगोट्यांच्या काठालगत गवताखाली घरटे करून चार अंडी घालतो आणि पिले उडू लागताच, जुलैपर्यंत, निघून जातो. सतत शेपटी हालविणे व अर्धवट ताठ पंखांनी पाण्यालगत उडणे या लकबींवरून तो दुरूनही ओळखता येतो. यॉल्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतर येथे अनेक वर्षे या पक्ष्याचा अभ्यास केला. गळ टाकून मासे धरणारे लोक ज्या काठांवर बसत ते काठ तुतवार टाळीत, आणि पिले असलेले पक्षी माणसाची चाहूल फार दुरून घेत, असे त्यांना आढळले.

जलाशयांभोवती लावलेल्या सूचिपर्णी वृक्षांत सिस्किन व क्रॉसबिल राहतात. येथील गॉसहॉक हा बलदंड शिकारी पक्षी ब्रिटनमधून एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला होता. १९६० नंतर, मुख्यत्वे पाळीव पक्ष्यांच्या संततीतून, तो पुन्हा स्थिरावला. फेब्रुवारी–मार्चमध्ये त्याच्या प्रणयविहाराची उड्डाणे पाहण्यासाठी डरवेंट खोऱ्याकडे निरीक्षकांची रीघ लागत असे. पुढे मात्र ग्राउझच्या माळांलगतच्या भागात त्याची घरटी झपाट्याने कमी झाली. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स या संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात याचे कारण मानवी छळ असल्याचे म्हटले. ही संस्था १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच, टोप्यांवरील पिसांच्या व्यापाराविरुद्ध स्त्रियांनी उभारलेल्या चळवळीतून जन्मली होती. जमीनमालक, शिकाररक्षक व पक्षिप्रेमी यांचा संयुक्त उपक्रम २०११ मध्ये सुरू झाला. परंतु ठरविलेली उद्दिष्टे साध्य होत नसल्याने संस्था २०१८ मध्ये त्यातून बाहेर पडली.

निरीक्षणाची पद्धती : माळावर झाडाझुडपांचा आडोसा नसल्याने एका उंच जागी वाऱ्याकडे पाठ करून बसणे व क्षितिज टप्प्याटप्प्याने न्याहाळणे, हेच फलदायी ठरते. सकाळचे पहिले काही तास उत्तम. हवा क्षणात पालटते, म्हणून नकाशा व होकायंत्र दुर्बिणीइतकेच आवश्यक असतात. हेन हॅरिअर, मर्लिन, बहिरी ससाणा व गॉसहॉक यांच्या घरट्याजवळ परवान्याशिवाय जाऊन त्यांना त्रास देणे हा १९८१ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. घरट्याची जागा उघड न करण्याचा संकेतही कसोशीने पाळला जातो. टिपणात दिनांक, वेळ, ठिकाण व संख्या यांबरोबर ‘पक्षी दिसला नाही’ हेही लिहिले जाते. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या संस्थेने १९६८–७२ मध्ये देशाचे १० किमी. बाजूचे चौरस पाडून हजारो हौशी निरीक्षकांकरवी प्रजननाचा नकाशासंग्रह तयार केला व २००७–११ मध्ये नव्या संग्रहासाठी पुन्हा पाहणी केली. दोन्हींची तुलना करता आली ती अशा टिपणांमुळेच.

डरवेंटकाठचे तुतवार हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत जातात. महाराष्ट्रातील नद्या, तलाव व खाड्यांच्या काठी ऑगस्टपासून दिसणारे तुतवार याच जातीचे असले, तरी ते हिमालय व त्याच्या उत्तरेकडील आशियातून येतात. करड्या धोब्याचेही तसेच आहे [⟶ स्थलांतर, प्राण्यांचे].