पशुपरजीवीशास्त्रातील मूलभूत संज्ञा : एक भाषिक विचार

सप्टेंबर २०२० मध्ये गुजरात राज्यातील काही जिल्ह्यांत काँगो तापाचे रुग्ण आढळल्यावरून शेजारच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला. वसई-विरारच्या परिसरात भातशेती व म्हशींचे तबेले आजही शेजारी शेजारी आहेत. अशा प्रदेशात परजीवी, पोषक, वाहक, संसर्ग या संज्ञा केवळ पाठ्यपुस्तकातील राहत नाहीत. त्यांतील भेद स्पष्ट नसेल तर पशुपालकाने नेमके काय करावयाचे, हेही स्पष्ट होत नाही. प्रस्तुत लेखात या संज्ञांचा भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘परजीवी’ हा शब्द घेऊ. याच अर्थी परोपजीवी व जीवोपजीवी हे शब्दही छापील मजकुरात आढळतात. दुसऱ्या जीवाच्या अंगावर किंवा अंगात राहून, त्याच्यापासून अन्न मिळवून, त्याची हानी करणारा तो परजीवी होय. यातील ‘हानी’ हा घटक महत्त्वाचा आहे. म्हशीच्या संगतीने हिंडणारा गायबगळा तिच्या पायांमुळे उडालेले कीटक टिपतो. परंतु तिचे काही हिरावून घेत नाही, म्हणून तो परजीवी नव्हे. गोचीड, ऊ, पिसू हे अंगावर राहणारे ते बाह्यपरजीवी आणि जंतांसारखे शरीराच्या आत राहणारे ते अंतःपरजीवी. व्यवहारात ‘जंत’ हा एकच शब्द गोल, चपट्या व पट्ट्यासारख्या अशा सर्व कृमींना लावला जातो. शास्त्रात मात्र हे वर्ग वेगळे मानावे लागतात. कारण एका वर्गावर लागू पडणारे औषध दुसऱ्यावर लागू पडेलच असे नाही.

परजीवी ज्यावर जगतो तो ‘पोषक’. या शब्दाची अडचण अशी की, व्यवहारात ‘पोषक आहार’ म्हणजे पौष्टिक आहार. काही लेखक ‘यजमान’ म्हणतात. पण त्या शब्दात आतिथ्याची छटा आहे आणि कोणत्याही गाईने गोचिडाला आमंत्रण दिलेले नसते. तथापि, शब्दाच्या निवडीपेक्षा त्याचे स्वरूप ध्यानात घेणे अधिक अगत्याचे आहे. ‘पोषक’ ही संज्ञा नातेवाचक शब्दांसारखी आहे. ‘जावई’ म्हटले की ‘कोणाचा?’ हा प्रश्न उरतो. ‘पोषक’ या शब्दाचेही तसेच आहे. गाय ही गोचिडाची पोषक आहे. काँगो तापाच्या विषाणूचा विचार केला तर गाय व गोचीड हे दोघेही त्याचे पोषक ठरतात. कारण हा विषाणू गोचिडाच्या अंड्यांतून त्याच्या पुढील पिढीतही उतरू शकतो. माणूस हा त्याचा केवळ आगंतुक पोषक होय.

पोषकांचे दोन प्रकार मानले जातात : अंतिम व मध्यस्थ. ही दोन्ही विशेषणे वाचकाची दिशाभूल करू शकतात. गुराढोरांच्या यकृतातील चपट्या कृमीचे उदाहरण पाहू. प्रौढ कृमी पित्तनलिकांत अंडी घालतो. ती शेणावाटे बाहेर पडून पाण्यात जातात. अंड्यातून निघालेला डिंभ गोड्या पाण्यातील विशिष्ट गोगलगाईत शिरतो, तेथे त्याची संख्या अनेक पटींनी वाढते, आणि बाहेर पडलेले डिंभ पाण्याकाठच्या गवतावर कोश करून राहतात. ते गवत खाल्ले की चक्र पुन्हा सुरू होते. ‘मध्यस्थ’ म्हटलेली गोगलगाय येथे नुसती दलाली करीत नाही. परजीवीची वाढ तिच्यातच होते. तसेच ‘अंतिम’ या शब्दाने शेवट सुचतो. पण चक्राला शेवट नसतो. ज्याच्या शरीरात परजीवीचे लैंगिक प्रजनन होते तो अंतिम पोषक, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच थायलेरिया या रक्तातील परजीवीच्या बाबतीत गोचीड हा अंतिम पोषक आणि गाय ही मध्यस्थ ठरते, जरी आजारी गायच पडत असली तरी.

‘वाहक’ या संज्ञेतही असाच एक भेद आहे. सर्रा रोगाचा परजीवी रक्तपिपासू माश्यांच्या सोंडेला लागून एका जनावरातून दुसऱ्यात जातो. माशीत त्याची वाढ होत नाही. हा यांत्रिक वाहक. थायलेरिया गोचिडात वाढतो. तो जैविक वाहक. गोचीड एकपेशीय परजीवीचा रोग पसरवितो, हे अमेरिकेत स्मिथ व किलबोर्न यांनी गुरांच्या टेक्सास तापाविषयी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने सिद्ध झाले. मराठीतील ‘गोचीडताप’ या नावात वाहकाचा निर्देश आहे, रोगकारकाचा नाही. म्हणून तापावर उपचार केल्याने गोचीड जात नाहीत आणि गोचीड काढल्याने चढलेला ताप उतरत नाही.

अखेरीस ‘प्रादुर्भाव’. गोचिडांची गर्दी, जंतूंचा शरीरातील शिरकाव व साथीचा उद्रेक, या तिन्ही अर्थी हा एकच शब्द वापरला जातो. पहिल्यासाठी ‘उपद्रव’, दुसऱ्यासाठी ‘संसर्ग’ व तिसऱ्यासाठी ‘साथ’ हे शब्द भाषेत तयार आहेत. ‘रोग’ याहून वेगळा. काँगो तापाचा विषाणू जनावराच्या रक्तात सुमारे आठवडाभर राहतो, पण जनावर बहुधा आजारी दिसत नाही. म्हणजे संसर्ग असतो, रोग नसतो. ‘आजारी जनावरापासून दूर राहा’ एवढेच सांगितले, तर निरोगी दिसणाऱ्या जनावराचे रक्त वा त्याच्या अंगावरील गोचीड उघड्या हाताने हाताळणारा मनुष्य स्वतःला सुरक्षित समजेल. इशारा लिहिणाऱ्याने संसर्ग आणि रोग यांतील भेद राखला, तरच वाचणाऱ्याच्या हातून योग्य ती खबरदारी घेतली जाईल.