कंपनीच्या क्रेडिट कार्डावरील खर्च व खर्च अहवाल प्रणाली : एक विवेचन

प्रस्तावना :
कामानिमित्त प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्यास आगाऊ उचल द्यावयाची व तो परतल्यावर तिचा हिशेब घ्यावयाचा, ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. अनेक कंपन्यांत आता उचलीची जागा कंपनीच्या क्रेडिट कार्डाने, तर कागदी प्रवास देयकाची जागा एसएपी कॉन्कर, झोहो एक्स्पेन्स यांसारख्या संगणकप्रणालींनी घेतली आहे. या बदलामुळे हिशेबाचा क्रमही बदलला. कार्ड वापरताच कंपनीवर बँकेचे देणे निर्माण होते; खर्चाचे कारण मात्र नंतर कळते. हे अंतर कसे भरून काढावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्डाच्या नोंदीची मर्यादा :
बँकेकडून प्रणालीत येणाऱ्या नोंदीत दिनांक, रक्कम, विक्रेत्याचे नाव आणि त्याच्या व्यवसायाचा चार अंकी वर्गसंकेत असतो. उदाहरणार्थ, ५८१२ हा उपाहारगृहाचा, तर ७०११ हा हॉटेलचा संकेत होय. त्यावरून प्रणाली खर्चाचा प्रकार सुचवू शकते. परंतु हॉटेलच्या एकाच रकमेत खोलीभाडे, भोजन आणि कपडे धुलाई यांचा समावेश असू शकतो. कार्डाची नोंद हा पैसे दिल्याचा पुरावा आहे, खर्चाच्या हेतूचा नव्हे. म्हणून कर्मचाऱ्याने नोंदीस मूळ बीजक जोडणे, रकमेची बाबवार फोड करणे आणि कामाचा हेतू लिहिणे आवश्यक ठरते.

जुळवणीचे तत्त्व :
समजा, कार्डाचे देयक थेट कंपनी भरते आणि हॉटेलचा खर्च रु. १२,००० आहे. अहवाल मंजूर झाल्यावर प्रवास खर्च खाते नावे व कार्ड देणे खाते जमा होते. बँकेस रक्कम दिल्यावर कार्ड देणे खाते नावे व बँक खाते जमा होऊन व्यवहार पूर्ण होतो. मात्र कर्मचाऱ्याने तोच खर्च स्वतःच्या खिशातून केल्याचे नोंदविल्यास बँकेस एकदा व कर्मचाऱ्यास एकदा, असे एकूण रु. २४,००० कंपनीकडून जातात. अशा वेळी कार्ड देणे खात्यावर रु. १२,००० ची नावे बाकी शिल्लक राहते आणि तीच चुकीची खूण असते. यास्तव कार्डाचा खर्च नव्याने न लिहिता बँकेकडून आलेली नोंदच अहवालात घ्यावी. खाजगी खर्च लपवून न ठेवता तसा दर्शवावा व कर्मचाऱ्याकडून वसूल करावा.

कायदेशीर बाजू :
केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १६ नुसार इनपुट टॅक्स क्रेडिट घेण्यासाठी कर बीजक किंवा विहित दस्तऐवज हाती असावा लागतो. कार्डाचे मासिक विवरण त्यासाठी पुरेसे नाही. ही सवलत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंतच घेता येते. भोजनावरील कराची सवलत कलम १७(५) नुसार सामान्यतः मिळत नाही. बाबवार फोड करण्याचे हेही एक कारण आहे.

कर्मचाऱ्याचे हितही यात गुंतलेले आहे. आयकर नियम, १९६२ मधील नियम ३ ने मालकाने भरलेला कार्डाचा खर्च कर्मचाऱ्याचा करपात्र लाभ मानला. खर्च पूर्णतः कार्यालयीन कामासाठी असल्यास, दिनांक व स्वरूपाची नोंद ठेवल्यास आणि मालकाने तसे प्रमाणपत्र दिल्यासच त्यातून सूट ठेवली होती. अपुऱ्या नोंदीचा भार अशा रीतीने कर्मचाऱ्यावरच पडू शकतो.

समारोप :
दुबार नोंद किंवा मर्यादेबाहेरचा खर्च प्रणाली दाखवू शकते. खर्च कामासाठी आवश्यक होता काय, हे मात्र मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यानेच ठरवावे लागते. बीजक त्याच दिवशी जोडणे आणि कार्ड देणे खात्याची दरमहा जुळवणी करणे, या दोन सवयींनी बहुतेक चुका वेळीच उघड होतात. वाणिज्य शाखेच्या वर्गात बँक जुळवणी पत्रक शिकविताना त्याच्या जोडीने हे उदाहरण घेतल्यास विद्यार्थ्यांना त्या तत्त्वाचा आजचा उपयोग सहज समजू शकेल.