एनएमएमएस : निकाल लागला, तरी जीव टांगणीला

आठवीतल्या मुलांसाठी केंद्र सरकारने २००८ साली एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) ही शिष्यवृत्ती सुरू केली. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ९०-९० गुणांचे दोन पेपर घेते. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये.

पालकांची खरी घालमेल निकालानंतर सुरू होते. आधी गुण कळतात, निवड यादी मागाहून येते. चाळीस टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी बत्तीस) मिळवून पास झालेलं मूल यादीत असेलच असं नाही. यादीत नाव आलं तरी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावाच लागतो, पुढे दरवर्षी नूतनीकरणही. आधारवर ‘दत्तात्रय’ आणि पासबुकावर ‘दत्तात्रेय’, एवढ्यानेही पैसे अडू शकतात. म्हणून वाट पाहतानाच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घ्या. नववीला शाळा बदलणार असाल, तर तीही सरकारी, पालिकेची किंवा अनुदानितच निवडा. विनाअनुदानित शाळेत गेलेल्या मुलाचे हक्काचे पैसे हातचे जातात.